पैसा आहे, तरी गिऱ्हाईक जहाजावर का चढत नाही?

अंबडच्या बाजारात गिऱ्हाईक परत फिरले, की आपण म्हणतो, भाव जास्त झाला. हा समज दर वेळी खरा नसतो. समुद्रसहलींच्या धंद्याने चीनमध्ये हा धडा घेतला आहे.

२०१५ साली चार हजारांवर उतारू नेणारे 'क्वांटम ऑफ द सीज' हे जहाज शांघायला आले. तेथील बहुतेक तिकिटे दलालांनी घाऊक भावाने उचलली होती. जागा उरल्या की दलाल दर पाडत. गर्दी झाली, पण श्रीमंत माणूस दूर राहिला. त्याच्या मनात समुद्रसहल म्हणजे स्वस्तातली झुंडीची सहल, अशी गाठ बसली. दुसरे कारण दिवसांचे. तिकडे दहा वर्षांहून कमी नोकरी झालेल्यास वर्षाला पाचच दिवस पगारी रजा मिळते, म्हणून सहलीही चार-सहा दिवसांच्याच. जपानला विमान काही तासांत पोहोचवते, मग पाण्यावर दिवस का घालवावेत? शिवाय बंदरात उतरून फिरायला मोजकेच तास मिळतात.

आता आपल्याकडे पाहू. २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया'च्या गोवा व लक्षद्वीपच्या सहली सुरू झाल्या. अंबडच्या सधन व्यापाऱ्याला हा खर्च जड नाही. समुद्राची भीती म्हणावी, तर १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेच जात होते. अडचण निराळी आहे. अंबडला रेल्वे नाही. जालन्याला जाऊन गाडी धरायची, मुंबई गाठायची आणि तसेच परतायचे. तीन दिवसांच्या सहलीसाठी दुकान पाच दिवस बंद ठेवावे लागते. लग्नसराईत हे कोणाला परवडेल? त्यात जेवण हलाल असेल का, दारू व जुगाराच्या दालनांपासून मुलाबाळांना दूर ठेवता येईल का, याचे खात्रीचे उत्तर तिकीट विकणाऱ्याकडे नसते. अशा वेळी दर निम्मा केला तरी ही शंका तशीच राहते.

व्यापारी व कारागीर बांधवांनी यातून एवढेच घ्यावे: शिलाई असो, फर्निचर असो वा सहलीचे तिकीट, भाव पाडण्याआधी गिऱ्हाईकाला विचारा की अडते कुठे? वेळ अडतो, विश्वास अडतो की सोय? भाव एकदा पाडला की मालाची पतही उतरते, आणि ती पुन्हा चढवणे फार कठीण जाते. शंका दूर करायला मात्र बहुधा दोन शब्द पुरतात.