घरातील वीज : लेखांक ७ – एकूण भार आणि न्यूट्रलची तार

घरातील सर्व उपकरणांवर छापलेल्या वॅटची बेरीज म्हणजे जोडभार, आणि त्यांपैकी जी उपकरणे प्रत्यक्षात एकाच वेळी चालू शकतात त्यांचा भार म्हणजे कमाल मागणी. महावितरणच्या अर्जात पहिला आकडा लिहावा लागतो. मीटरपासून आत येणारी तार आणि मुख्य स्विच यांची क्षमता मात्र दुसऱ्या आकड्यावर ठरते. खान्देशात हा दुसरा आकडा उन्हाळाच ठरवतो. जळगाव, भुसावळ आणि धुळे येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मातीच्या जाड धाब्याची जुनी घरे दुपारीही बऱ्यापैकी थंड राहत. त्यांची जागा सिमेंटच्या स्लॅबने घेतल्यापासून घर थंड ठेवण्याचे ते काम विजेवर येऊन पडले आहे.

उदाहरणासाठी तीन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेले एक स्वतंत्र घर घेऊ. त्यात १० वॅटचे २० दिवे व ७० वॅटचे ५ पंखे मिळून ५५० वॅट, दोन कूलर ४०० वॅट, दीड टनाचा एसी १७०० वॅट, गिझर २००० वॅट, एक अश्वशक्तीचा बोअरवरील पंप सुमारे ११०० वॅट (अश्वशक्ती ही मोटरने दिलेली ताकद असते, ती ओढत असलेली वीज नव्हे, म्हणून येथे ७४६ वॅट धरणे चूक ठरते), घरघंटी ७५० वॅट, आणि फ्रिज, धुलाई यंत्र, मिक्सर, टीव्ही व इस्त्री मिळून २५५० वॅट आहेत. हा जोडभार ९०५० वॅट भरतो. २३० व्होल्टने भागल्यास ३९ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह येतो, म्हणजे महाराष्ट्रात दोन तारांच्या सिंगल फेज पुरवठ्याला असलेल्या ४० अँपिअरच्या मर्यादेला हे घर कागदावर जवळजवळ टेकते.

प्रत्यक्षात सारे काही एकदम चालत नाही, आणि हे लक्षात घेऊनच राष्ट्रीय विद्युत संहितेने सवलतीचे प्रमाण ठरवले आहे. त्यानुसार एका कुटुंबाच्या घरात दिव्या-पंख्यांचा भार ६६ टक्के धरतात. सॉकेटवरील उपकरणांपैकी सर्वांत मोठे पूर्ण आणि उरलेली ४० टक्के धरता येतात. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर व एसी तासन् तास बंद होत नाहीत, म्हणून त्यांना कोणतीही सूट देऊ नये. गिझरला संहिता सूट देत नाही, परंतु जो मे महिन्यात लागत नाही तो एसीसोबत मोजण्याचे कारण नाही. एकत्र न चालणाऱ्या दोन भारांपैकी मोठा तेवढा धरावा, ही रीत अमेरिकेच्या विद्युत संहितेतही मान्य आहे. अशा हिशेबाने दिवे-पंखे ३६३, कूलर व एसी २१००, पंप पूर्ण ११००, आणि घरघंटीसह उरलेल्या ३३०० वॅटचे ४० टक्के म्हणजे १३२० धरून उन्हाळ्याची मागणी ४८८३ वॅट येते. पॉवर फॅक्टर ०.९ धरल्यास तिला सुमारे २४ अँपिअर लागतात आणि ३२ अँपिअरचा मुख्य एमसीबी पुरतो.

तारेची निवड येथे थांबत नाही. पीव्हीसी आवरणाची ६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार भिंतीवरील पाइपातून नेल्यास ३० अंश तापमानाला ४१ अँपिअर वाहते. हाच पाइप तापलेल्या स्लॅबलगत ५० अंशांत असेल तर तिची क्षमता ०.७१ पट, म्हणजे सुमारे २९ अँपिअर उरते, आणि ३२ अँपिअरचा एमसीबी तिचे रक्षण करू शकत नाही. १० चौरस मिलिमीटरची तार त्याच तापमानाला ४० अँपिअर वाहते. त्यामुळे खान्देशातील अशा घराच्या मुख्य तारेसाठी १० चौरस मिलिमीटर हीच योग्य निवड आहे, आणि हा जादा खर्च खुशाल करावा.

आता न्यूट्रल. सिंगल फेज घरात फेजमधून जाणारा सगळा प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो, म्हणून न्यूट्रलची तार फेजइतकीच जाड हवी. अमेरिकेतील घरांत १२० व्होल्टच्या दोन विरुद्ध तारांमधला केवळ फरक न्यूट्रलवर येतो, त्यामुळे तेथे न्यूट्रलचा भार वेगळा मोजून कमी करता येतो. आपल्याकडील एका फेजच्या घराला ही सवलत लागू होत नाही. तीन फेजच्या घरात मात्र गणित बदलते. तीन फेजवर १८, ९ आणि ५ अँपिअर असतील तर न्यूट्रलवर बेरजेचे ३२ न येता सुमारे ११.५ अँपिअर येतात, कारण तीन प्रवाह वेगवेगळ्या क्षणी शिखर गाठतात आणि एकमेकांना बरेचसे खोडतात. मात्र रात्री एसीचाच एक फेज चालू राहिला की १८ च्या १८ अँपिअर न्यूट्रलवर येतात. शिवाय एलईडी, संगणक आणि इन्व्हर्टर यांच्या प्रवाहात तिसरी हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वेगाची लहर, मिसळलेली असते. ती खोडली न जाता तिन्ही फेजची एकत्र होऊन न्यूट्रलवर चढते. म्हणून तांब्याची फेज १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तेथे न्यूट्रल तिच्याइतकीच ठेवण्याचा नियम आहे.

तीन फेजचे न्यूट्रल सैल होऊन तुटले तर काय होते, हे दोन उपकरणांवर स्पष्ट दिसते. एका फेजवर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि दुसऱ्यावर १००० वॅटची इस्त्री असेल, तर परतीची वाट बंद होताच दोन्ही उपकरणे ४०० व्होल्टच्या मध्ये एका रांगेत येतात. इस्त्रीला सुमारे ३६ व्होल्ट मिळतात आणि बल्बवर ३६४ व्होल्ट पडून तो फुटतो. बल्बच्या जागी टीव्ही असला तरी त्याची गत तीच. अशा वेळी काही वायरमन अर्थिंगच्या तारेवर न्यूट्रल घेऊन दिवे लावून देतात, ही अत्यंत घातक सवय आहे. तापीकाठची काळी माती मेमध्ये सुकून भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो, आणि त्या तारेला जोडलेल्या पंपाच्या व फ्रिजच्या धातूच्या अंगावर वीज उतरते.

घराचे वायरिंग ठरवताना परवानाधारक कंत्राटदाराकडून फेजनिहाय भाराचा हिशेब लेखी मागावा, प्रत्येक सर्किटला स्वतंत्र काळे न्यूट्रल घालून घ्यावे, वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि न्यूट्रलच्या पट्टीवरील प्रत्येक स्क्रू आपल्यासमोर आवळून घ्यावा.