बालदुग्धातील प्रथिनांची मोजदाद

आईच्या दुधाला पर्याय म्हणून जी भुकटी डब्यात भरून विकली जाते, तिच्या वेष्टनावरील तक्त्यात प्रथिनांपुढे एक आकडा छापलेला असतो. आणि ज्या घरात आजारपणामुळे वा मातेच्या अभावी अर्भकाचे सारे पोषण त्या एका डब्यावर येऊन पडते, त्या घराने त्या आकड्यावर संपूर्ण भरवसा ठेवलेला असतो. मोठ्या माणसाच्या ताटात एका जिन्नसातील उणीव दुसऱ्याने भरून निघते. सहा महिन्यांच्या आतील बालकाला ती सोय नाही. स्तनपानाची जागा डब्याने बळकावू नये म्हणून आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अशा पदार्थांच्या जाहिरातीस मनाई केली, ते सर्वस्वी योग्यच झाले. परंतु ज्यांना डब्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी तो आकडा कोणत्या रीतीने निघतो आणि त्यात नेमके काय मोजले जाते, याची कसून चौकशी होणे अगत्याचे आहे.

स्त्रीच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिन असते, तर गाईच्या दुधात सव्वातीन ग्रॅमांच्या आसपास. आणि प्रमाणातील या तफावतीहून जातीतील तफावत अधिक महत्त्वाची आहे. दूध नासले म्हणजे जो चोथा धरतो, त्यातील केसीन हे गाईच्या दुधातील प्रथिनांचा सुमारे ऐंशी टक्के हिस्सा व्यापते आणि निवळीत उतरणारी प्रथिने उरलेल्या वीस टक्क्यांत येतात. स्त्रीच्या दुधात मात्र निवळीच्या प्रथिनांचे प्राबल्य असून, प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत ते विशेषच अधिक असते. शिवाय गाईच्या निवळीतील मुख्य प्रथिन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, स्त्रीच्या दुधात मुळीच नसते. तिथे अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन आणि लोह धारण करणारे लॅक्टोफेरिन यांचा मान मोठा. म्हणूनच बहुतेक उत्पादक गाईच्या दुधात निवळीची प्रथिने मिसळून निवळी आणि केसीन यांचे प्रमाण साठास चाळीस असे आणू पाहतात, आणि प्रयोगशाळेपुढे प्रथिन किती व कोणते असे दोन प्रश्न उभे राहतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारी रीत १८८३ साली कोपनहेगन येथे सिद्ध झाली. कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याने स्थापिलेल्या प्रयोगशाळेतील रसायनज्ञ योहान केल्डाल यांना धान्यातील प्रथिनांचे प्रमाण सुलभतेने कळावयास हवे होते. आणि प्रथिन वेगळे काढून तोलणे दुष्कर असले तरी पिष्ट, शर्करा आणि मेद यांत नसणारे नत्र प्रथिनात अवश्यमेव असते, हे ध्यानी घेऊन त्यांनी नत्राचीच गणना करण्याची युक्ती योजिली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळावयाचा, म्हणजे सेंद्रिय द्रव्याचा नाश होऊन नत्र तेवढे अमोनियम सल्फेटाच्या रूपाने द्रवात उरते. मग त्यात दाहक सोडा घालून अमोनिया मोकळा करावयाचा, ऊर्ध्वपातनाने तो दुसऱ्या पात्रातील आम्लात पकडावयाचा, आणि थेंबाथेंबाच्या अनुमापनाने तो किती भरला हे पाहावयाचे. आज आम्लाचा उत्कलनबिंदू चढविण्यासाठी पोटॅशियम सल्फेट आणि उत्प्रेरक म्हणून ताम्रक्षार घालतात, आणि अमोनिया बोरिक आम्लात धरतात. पण मूळ क्रम तोच आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी ज्या रीतीवर विसंबून धान्य, दूध आणि खाद्य यांचे व्यवहार केले, तिच्या कर्त्याविषयी कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही.

मिळालेल्या नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिनाचा आकडा तयार होतो, कारण प्रथिनात सरासरी सोळा टक्के नत्र असते असे गृहीत धरलेले आहे. दुधाच्या प्रथिनांत ते किंचित कमी, १५.६७ टक्के, म्हणून दुग्धव्यवसायात ६.३८ हा गुणक रूढ झाला. बालदुग्धाविषयीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र सामान्यतः ६.२५ हाच धरला जातो. तेव्हा एकाच नमुन्याचे, एकाच नत्राचे दोन आकडे दोन टक्क्यांच्या फरकाने पडतात. आणि गाईच्या दुधावर आधारलेल्या भुकटीसाठी शंभर किलोकॅलरीमागे १.८ ग्रॅम ही किमान मर्यादा ठरलेली असल्याने, काठावरच्या नमुन्याचा निकाल केवळ गुणकाच्या निवडीने फिरू शकतो.

गुणकाहून गंभीर बाब अशी, की दुधातील सारेच नत्र प्रथिनांचे नसते. युरियासारख्या साध्या पदार्थांतही ते असते. गाईच्या दुधात असे प्रथिनेतर नत्र एकूण नत्राच्या पाच-सहा टक्केच असते, परंतु स्त्रीच्या दुधात ते वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे आईच्या दुधाची मोजणीही केवळ केल्डाल-पद्धतीने केली, तर जमेच्या रकमेचा पाचवा ते चौथा हिस्सा प्रथिनांचा नसूनही त्यांच्या नावे चढतो. पोती मोजून धान्याची जमा धरणाऱ्या कोठारात पोत्यात काय भरले आहे याची तपासणी झाली नाही, तर लबाडीला वाट मोकळी राहते, आणि २००८ साली चीनमध्ये नेमके तेच घडले.

हपेई प्रांतातील शिच्याच्वांग या शहरात सान्लू नावाची मोठी दुग्धकंपनी होती. दूध गोळा करणाऱ्या मधल्या मंडळींनी दुधात पाणी घालावे, पाण्यामुळे प्रथिनांचा आकडा घसरावा, आणि तो पुन्हा वर आणण्यासाठी प्लास्टिकच्या ताटल्या व पत्रे करण्याकामी वापरले जाणारे मेलामाइन त्यात मिसळावे, असा हा व्यवहार. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नत्रच असते. त्यामुळे त्याचा एक ग्रॅम हिशेबात चार ग्रॅमांहून अधिक प्रथिन म्हणून दिसतो. सान्लूच्या भुकटीत किलोमागे अडीच हजार मिलिग्रॅमहून अधिक मेलामाइन आढळले. अर्भकांच्या मूत्रपिंडांत युरिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन खडे धरले. सुमारे तीन लाख बालके बाधित झाली, पन्नास हजारांहून अधिकांना रुग्णालयात ठेवावे लागले, आणि सहा बालके दगावल्याचे सरकारने मान्य केले. भारताने त्याच वर्षी चिनी दुग्धपदार्थांच्या आयातीस बंदी घातली, आणि २०१० साली कोडेक्सने बालकांच्या भुकटीत मेलामाइनची कमाल मर्यादा किलोमागे एक मिलिग्रॅम अशी ठरविली.

या प्रकरणात मनाला सर्वाधिक लागणारी गोष्ट अशी, की हा कपटव्यवहार उघड करणारी तजवीज रसायनशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होती. दुधात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल सुमारे बारा टक्क्यांपर्यंत घातले म्हणजे प्रथिने साक्याच्या रूपाने खाली बसतात, आणि युरिया, मेलामाइन यांसारखे लहान रेणू वरच्या स्वच्छ द्रवात राहतात. तो द्रव गाळून काढला आणि साक्यातील नत्र तेवढे मोजले, की खऱ्या प्रथिनाचा आकडा हाती येतो. एक गाळणी आणि थोडा अधिक वेळ, एवढाच काय तो जादा खर्च. कच्च्या दुधाचा दर एकूण नत्रावर ठरविणे सोयीचे होते म्हणून ही पायरी वगळली गेली. आणि माझ्या मते निदान बालकांच्या आहारापुरती तरी ती कायद्याने सक्तीची असावयास हवी. मेलामाइनची स्वतंत्र तपासणी आता मास स्पेक्ट्रोमीटरवर होते, हे खरे. परंतु ती ज्ञात भेसळीलाच पकडते, आणि उद्या कोणी नत्रयुक्त असा दुसराच पदार्थ शोधून काढला तर त्याची दाद ती घेणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळले, की काम अधिक नाजूक होते. रोलंड यांनी १९३८ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे दुधाची आम्लता सामू ४.६ वर आणली म्हणजे केसीन साकळते आणि निवळीची प्रथिने द्रवात राहतात. दोहोंतील नत्र वेगवेगळे मोजावे, की त्यांचे प्रमाण मिळाले. ताज्या दुधाला हे उत्तम लागू पडते. परंतु भुकटीचे दूध तापविलेले असते, आणि तापविल्यावर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची घडी उलगडून ते केसीनच्या कणांना जाऊन चिकटते. मग आम्ल घालताच तेही केसीनबरोबर खाली बसते, आणि साठास चाळीस प्रमाणाने केलेली भुकटी तपासणीत केसीनप्रधान भासते. म्हणून अलीकडे प्रयोगशाळा प्रथिनांना अखंड मोजण्याचा आग्रह सोडून ट्रिप्सिन या विकराने त्यांचे बारीक तुकडे करतात, वर्णलेखनाने ते तुकडे विलग करतात, आणि मास स्पेक्ट्रोमीटरने त्यांचे वस्तुमान पाहून कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाचा हे ओळखतात. प्रथिनाची घडी उलगडली तरी त्याच्या अमिनो आम्लांचा अनुक्रम पुष्कळसा अबाधित राहत असल्यामुळे ही ओळख पटते.

बालकाच्या देहाला अखेरीस उपयोग होतो तो अमिनो आम्लांचा, आणि कोडेक्सचे मानकही हे जाणून आहे: समान ऊर्जेच्या हिशेबाने प्रत्येक आवश्यक अमिनो आम्ल आईच्या दुधाइतके तरी उपलब्ध असले पाहिजे, अशी त्यातील अट आहे. ती पडताळण्यासाठी नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश तपमानावर चोवीस तास ठेवून प्रथिनांचे विघटन करतात. या क्रियेत ट्रिप्टोफॅन नष्ट होते, म्हणून त्यासाठी अल्कलीत वेगळे विघटन करावे लागते. गंधकयुक्त अमिनो आम्लांचे आधी ऑक्सिडीकरण करून घ्यावे लागते. लायसीनची गोष्ट त्याहून बिकट आहे. दुधातील शर्करा उष्णतेने लायसीनला जखडून टाकते, आणि तसे जखडलेले लायसीन बालकाच्या आतड्याला उपयोगी पडत नाही. परंतु प्रयोगशाळेतील आम्ल त्याचा काही भाग पुन्हा मोकळा करते, आणि अहवालात लायसीन पुरेसे दिसते. सुदैवाने याच विघटनात फ्युरोसीन नावाचा एक पदार्थ तयार होतो, आणि त्याच्या प्रमाणावरून किती लायसीन वाया गेले याचा अंदाज बांधता येतो. ही क्रिया कारखान्यात थांबत नाही. उष्ण आणि दमट गोदामात डबे महिनोन्‌महिने पडून राहिले, तर ती संथपणे पुढे चालूच राहते. तेव्हा तपासणीसाठी कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या डब्याबरोबर नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यातून गेलेला, मुदत संपत आलेला, दुकानाच्या फळीवरचा डबाही घेतला जावा, आणि त्याच्या अहवालात एकूण नत्राशेजारी खरे प्रथिन आणि फ्युरोसीन हे दोन्ही रकाने असावेत.