हिरवळीला पर्याय : अमेरिकेतील देशी लव्हाळवर्गीय वनस्पतींचा अनुभव

प्रस्तावना :

शैक्षणिक संस्थेच्या प्रवेशद्वाराशी हिरवळ असावी, हा संकेत आपल्याकडे दृढ झाला आहे. मात्र मोठ्या झाडांच्या सावलीतील हिरवळ दरवर्षी पिवळी पडते आणि दरवर्षी नव्याने लावली जाते, हा अनुभव अनेक महाविद्यालयांच्या परिचयाचा आहे. ज्या राज्यात २०१६ साली लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेथे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. लॉनची आवड घराघरांत रुजलेल्या अमेरिकेत याच प्रश्नावर देशी लव्हाळवर्गीय वनस्पतींचा पर्याय पुढे आला आहे. त्याचे स्वरूप, त्यामागील शास्त्रीय कारणे व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप :

उपग्रहीय माहितीच्या आधारे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत लॉनखालील क्षेत्र सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती वापराच्या जवळजवळ एक-तृतीयांश पाणी बागा व लॉन यांना लागते. हे प्रमाण दररोज सुमारे ३४ अब्ज लिटर होते. लॉनसाठी लावली जाणारी बहुतेक गवते उन्हात वाढणारी आहेत. वृक्षांच्या छायेत, मुळांनी शोषून कोरड्या केलेल्या मातीत ती विरळ होतात. मग खत, पाणी व पुनर्लागवड यांचे चक्र सुरू होते.

लव्हाळवर्गीय वनस्पती व गवत यांतील भेद :

दिसण्यात साम्य असले, तरी लव्हाळा हे गवत नव्हे. तो सायपेरेसी कुळातील आहे. आपला नागरमोथा याच कुळातला. गवताचे खोड सामान्यतः गोल व पेरांमधील भागात पोकळ असते, तर या कुळात ते बहुधा त्रिकोणी व भरीव असते. गवताची पाने दोन ओळींत, तर यांची तीन ओळींत येतात. याच कुळातील कॅरेक्स या प्रजातीत सुमारे दोन हजार जाती असून त्यांपैकी काही वनांतील कोरड्या सावलीत नैसर्गिकपणे वाढतात.

पूर्व अमेरिकेतील ओक वृक्षांखाली वाढणारी कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका ही जाती या दृष्टीने विशेष उपयुक्त ठरली. तिची बारीक, मऊ पाने साधारणपणे वीतभर उंच वाढून बाजूस कलतात. जमिनीखालील आडव्या खोडांच्या साहाय्याने ती हळूहळू पसरते. उंची मुळातच मर्यादित असल्याने वर्षातून एक-दोनदा कापणी पुरते. न कापली तरी चालते. काही फुलपाखरांच्या अळ्यांना कॅरेक्सच्या पानांवर अन्न मिळते, हा आणखी एक लाभ होय.

डेलावेअर राज्यातील माउंट क्युबा सेंटर या उद्यानाने २०१८ ते २०२१ या काळात कॅरेक्सच्या ७० प्रकारांची ऊन व सावली अशा दोन्ही ठिकाणी चाचणी घेतली. नियमित कापणी कोणते प्रकार सहन करतात, हेही तेथे तपासले गेले. एकूण मूल्यमापनात कॅरेक्स वुडाय ही जाती सर्वोत्तम ठरली.

लागवड व मर्यादा :

पेन्सिल्व्हॅनिकाचे बी कमी धरते व त्याची उगवण बेभरवशाची असते. म्हणून रोपे लावावी लागतात. २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरला ११ ते २५ रोपे लागतात. त्यामुळे प्रारंभीचा खर्च बी पेरण्यापेक्षा बराच अधिक येतो. जमीन पूर्ण झाकली जाण्यास दोन-तीन वर्षे जातात आणि तोपर्यंत तण काढणे व पाणी देणे चुकत नाही. अल्प निगा याचा अर्थ निगा नाही, असा नव्हे. श्रम आरंभी एकवटतात, एवढेच. शिवाय क्वचित चालणे ही वनस्पती सोसते, पण क्रीडांगणाची तुडवण सोसत नाही.

आपल्याकडील विचार :

हीच वनस्पती येथे आणावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तिच्या प्रदेशात पाऊस वर्षभर विभागून पडतो व हिवाळा गोठवणारा असतो. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. तुकोबांच्या अभंगात नम्रतेचे प्रतीक झालेला आपला लव्हाळा तरी लावावा काय? तोही मार्ग धोक्याचा आहे. नागरमोथा औषधी असला, तरी जमिनीतील गाठींच्या साखळीमुळे तो जगातील अत्यंत चिवट तणांपैकी एक गणला जातो. परिसरात तो मुद्दाम रुजविणे म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याच्या कष्टात भर घालणे होय. देशी असणे हे योग्यतेचे एकमेव प्रमाण नव्हे, हे यावरून लक्षात येते.

निष्कर्ष :

अमेरिकेतील अनुभवातून वनस्पती नव्हे, तर निवडीची पद्धत घेण्याजोगी आहे. प्रथम जागा पाहावी, म्हणजे ऊन किती, सावली किती, माती कशी व वर्दळ किती याचा विचार करावा. मग त्या जागेत आपणहून टिकणारी, परंतु उपद्रवी न ठरणारी स्थानिक वनस्पती शोधावी. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना विद्यार्थ्यांच्या साहाय्याने काही चौरस मीटरच्या तुकड्यांत अशी चाचणी घेता येईल. दोन-तीन उन्हाळ्यांच्या नोंदी हाती आल्यावर, कोणत्या झाडाखाली हिरवळीचा अट्टाहास सोडावा, हे तरी निश्चितपणे ठरविता येईल.