भयानक रसातील ध्वनी : पेण-रोह्याच्या रात्रीच्या अनुषंगाने

भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाजाचा निर्देश आरंभीच येतो. त्यापाठोपाठ कोल्हे, घुबड, ओसाड घर व अरण्य यांची गणना होते. पुढे स्वरांचे रसानुसार विवेचन करताना बीभत्स व भयानक या दोन रसांसाठी धैवत स्वर विहित केला आहे. म्हणजे भयनिर्मितीचे दोन मार्ग शास्त्रकारांना ज्ञात होते : एक सृष्टीतील ध्वनींचा, दुसरा संगीतातील स्वरांचा. आधुनिक पार्श्वसंगीताने या दोहोंचा संगम घडविला. स्वरालाच विकृत करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

भरताच्या यादीतील प्राणी रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहे या तालुक्यांत अपरिचित नाहीत. पेणच्या खारेपाटात भातखाचरे व खाडीकाठची कांदळवने आहेत. रोह्याजवळून कुंडलिका वाहते आणि रोहे-मुरूडच्या हद्दीत फणसाडचे अरण्य पसरले आहे. अशा मुलखात बांधावर राखणीस बसलेल्या शेतकऱ्याला कोल्हेकुई नित्याचीच वाटते. तोच ध्वनी काळोख्या नाट्यगृहात उमटला असता प्रेक्षकाच्या अंगावर काटा उभा राहतो. ध्वनी एकच असता परिणाम भिन्न का व्हावा, हा येथील मूळ प्रश्न आहे.

याचे उत्तर अंशतः ध्वनीच्या घडणीत सापडते. मनुष्याच्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला सुमारे चार-पाच वेळा कमीअधिक होते. किंकाळीत मात्र हा चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा घडतो व त्यामुळे आवाजाला एक विशिष्ट खरखरीतपणा येतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. हा खरखरीतपणा जितका अधिक, तितकी ऐकणाऱ्याला वाटणारी भीती अधिक. शिमग्यात तोंडावर हात मारून ठोकलेली बोंब कितीही मोठी असली तरी भयप्रद का वाटत नाही, याचा एक उलगडा येथे होतो : हाताची गती त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहते. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॅनियल ब्लमस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०२ चित्रपटांचे ध्वनी तपासले. भयपटांत गोंगाटयुक्त, अनियमित ध्वनींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक दिसून आले. संकटात सापडलेल्या प्राण्याचा कंठ ताणला जाऊन असाच फाटतो. वाद्यांनी त्याचे अनुकरण केले की श्रोत्याचे मन सावध होते.

तथापि केवळ घडणीने सर्व उलगडा होत नाही. ध्वनी कोठून येतो हे न कळणे, हे भयाचे दुसरे कारण होय. शेतकऱ्याला कोल्हा कोणत्या अंगाला आहे हे ठाऊक असते. प्रेक्षकाला ते ठाऊक नसते. ‘महल’ (१९४९) या चित्रपटात खेमचंद प्रकाश यांनी हेच तत्त्व योजिले. त्यातील प्रसिद्ध गीताच्या आरंभी गायिकेने ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहून गात गात जवळ यावे, अशी योजना होती. ही हकीकत लता मंगेशकर यांनीच सांगितली आहे. या स्वरांत कर्कशता नाही. केवळ अंतराच्या अनिश्चिततेतून गूढता उत्पन्न होते. चित्रपटातील ‘भूत’ शेवटी जिवंत स्त्री ठरते, तरी तोवर अनुभवलेले भय खोटे ठरत नाही. उलट ‘सायको’ (१९६०) या चित्रपटात बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांचा मेळ वापरून किंकाळीसदृश स्वर निर्माण केले. पहिल्या उदाहरणात अज्ञात स्थान, तर दुसऱ्यात विकृत घडण प्रभावी आहे.

या विवेचनातून एक व्यावहारिक विचार पुढे येतो. घुबडाचा घूत्कार पुनःपुन्हा मृत्यूच्या प्रसंगाशी जोडला गेला की ती सांगड श्रोत्याच्या मनात दृढ होते आणि नाट्यगृहाबाहेरही टिकून राहते. लोकसमजुतीत आधीच अशुभ ठरलेल्या पक्ष्यावर कलेने असा दुसरा शिक्का बसतो. वस्तुतः गव्हाणी घुबडाचे मुख्य भक्ष्य उंदीर व घुशी होत. भातशेतीच्या प्रदेशात तो शेतकऱ्याचा मित्रच म्हटला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले असले, तरी अपशकुनाच्या धास्तीने त्याला हुसकावणे व मारणे थांबलेले नाही.

यास्तव भयानक रसाच्या उपासकाला सृष्टीतील ठरावीक आवाज उसने घेण्याची गरज उरलेली नाही, असे म्हणता येईल. ताणलेली तार, अनिश्चित अंतर आणि योग्य जागी राखलेली शांतता यांनी ते कार्य साधते. आणि त्या भयाचा बोल कोणत्याही निरपराध जिवावर येत नाही.