गाडी कोणासाठी आखायची? : डिझाइनचे शिक्षण आणि वाहन उद्योग यांच्या नात्याचा मागोवा

१९६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये मोटार डिझाइनचे शिक्षण सुरू झाले, ते फोर्ड कंपनीच्या पाठबळावर. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभे राहिले. त्याच्यामागे मोटार कारखाना नव्हता, केंद्र सरकार होते. जर्मनीतल्या उल्म इथे शिकून आलेल्या प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा या केंद्राच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. पवईपासून कुर्ला काही किलोमीटरवर. तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होत होती, आणि हीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने जवळजवळ त्याच रूपात शतकाच्या अखेरीपर्यंत विकली गेली. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे, म्हणून कारखान्याला नवा आकार शोधायची निकड नव्हती. शिकवणारे आणि गाडी बनवणारे एकाच शहरात राहूनही एकमेकांना फारसे लागत नव्हते. त्यानंतरच्या पाच दशकांत हे नाते जुळले आणि फळालाही आले. पण या नात्याचा हिशेब बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात बसून मांडला की त्यातली मोठी उणीव दिसते. गाडी विकत घेणाऱ्याचा विचार या नात्याने मनापासून केला. तिकीट काढून गाडीत बसणारा माणूस मात्र त्याच्या विचारात जवळजवळ आलाच नाही.

बुलढाण्यात बसणाऱ्यांची संख्या किती मोठी आहे हे नकाशा पाहूनही समजते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या आसपास आहे, तालुके तेरा. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. जलंबहून खामगावला एक छोटा फाटा येतो आणि तिथेच संपतो. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहराला रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. म्हणून मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, चिखली या सगळ्या भागाचे दळणवळण रस्त्यावर अवलंबून आहे. एसटी, काळी-पिवळी जीप, ट्रॅक्टरची ट्रॉली, मालवाहू पिकअप आणि रात्री पुण्या-मुंबईकडे धावणाऱ्या ट्रॅव्हल्स, ही इथली वाहने. राजूर घाट चढणारी, कापसाच्या हंगामात भरून वाहणारी, बाजाराच्या दिवशी दारापर्यंत माणसे घेणारी गाडी कशी असावी, हा अस्सल डिझाइनचा प्रश्न आहे. तो अभ्यासक्रमात किती आला, यावरून या नात्याचे मोजमाप करावे लागेल.

नात्याला खरी सुरुवात झाली ती १९९१ नंतर बाजार खुला झाल्यावर. टाटांनी १९९८ मध्ये इंडिका आणली. तिच्या रूपाला तुरीनच्या आयडिया या संस्थेचा हात लागला होता, पण गाडी घडली पुण्यातल्या अभियंत्यांच्या हातून. महिंद्रांनी २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणली. डॉ. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काम करणाऱ्या चमूने ती घडवली. याच सुमारास पवईच्या केंद्रातून शिकून १९९७ मध्ये महिंद्रात रुजू झालेल्या रामकृपा अनंतन बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या अंतर्भागावर काम करत होत्या. पुढे त्या कंपनीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख झाल्या. २०११ ची एक्सयूव्ही ५०० आणि २०२० ची नवी थार त्यांच्या विभागाने घडवली. प्रताप बोस यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून आणि पुढे लंडनच्या त्याच रॉयल कॉलेजमधून शिक्षण घेतले आणि टाटांच्या गाड्यांना ओळखता येईल असा चेहरा दिला. सरकारने पेरलेल्या डिझाइन शिक्षणाचे पीक अखेर कारखान्यांच्या पदरात पडले, असे या टप्प्याबद्दल म्हणता येते. त्यात वावगे काही नाही. मराठी मुलखातल्या कारखान्यांत भारतीय डिझाइनर गाडीचा आकार ठरवू लागले, ही मोठीच कमाई होती.

या काळातली सर्वांत बोलकी गाडी मात्र दिखाऊ नव्हती. २००५ मध्ये पुण्यातून बाहेर पडलेला टाटा एस हा छोटा मालवाहू ट्रक गिरीश वाघ यांच्या चमूने घडवला. त्यासाठी चमूने आधी तीन चाकी मालवाहू चालवणाऱ्यांना गाठले आणि त्यांना काय हवे हे त्यांच्याच तोंडून ऐकले. दोन सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन, चार चाके आणि अरुंद गल्लीत शिरणारा आकार, हे सगळे त्या विचारपुशीतून निघाले. आज बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजार समितीच्या आवारात या गाड्या दिसतात. मुद्दा एवढाच की वापरणाऱ्याचे नीट ऐकले तर कंपनीला गिऱ्हाईक मिळते आणि गावाला कामाचे वाहन. एसच्या बाबतीत वापरणारा आणि विकत घेणारा एकच होता, म्हणून त्याचे म्हणणे कंपनीपर्यंत पोहोचले. स्लीपर बसमध्ये बर्थवर झोपणारा प्रवासी बस विकत घेत नाही. त्याचे म्हणणे पोहोचवायला तिसरा कोणी तरी लागतो, आणि ती जागा शिक्षणसंस्थेची आहे.

शिक्षणसंस्था आणि वाहन कंपनी यांना छोट्या शहरांपर्यंत नेणारा एक प्रयोग याच काळात झाला. अमेरिकेत १९७६ पासून चालत आलेली बाहा स्पर्धा एसएई इंडिया या अभियंत्यांच्या संघटनेने २००७ मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आणली आणि महिंद्राने तिला आपले नाव व पाठबळ दिले. विद्यार्थ्यांनी खडबडीत जमिनीवर चालणारी एका माणसाची गाडी स्वतः आखायची, नळ्यांचा सांगाडा स्वतः जोडायचा, आराखडा आणि खर्च परीक्षकांपुढे मांडायचा आणि शेवटी चार तासांच्या शर्यतीत गाडी टिकवून दाखवायची. सर्वांचे इंजिन सारखेच, म्हणून फरक पडतो तो डोक्याचा आणि हाताचा. डिझाइनचे शिक्षण महागड्या स्टुडिओशिवायही होऊ शकते, हे या स्पर्धेने सिद्ध केले. मलकापूरहून पुण्यापेक्षा इंदूर-पिथमपूर जवळ आहे, हेही इथे लक्षात घ्यावे. मात्र या प्रयोगातही गाडी एका चालकाची आहे. मागे बसलेली बाई, कडेवरचे मूल आणि टपावरचे ओझे तिच्या आराखड्यात येत नाहीत.

या उणिवेची किंमत बुलढाणा जिल्ह्याने मोजली आहे. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीडजवळ मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या कामावरच्या मजुरांना नेणारा ट्रक उलटला आणि तेरा मजूर गेले. त्याच गाडीत लोखंडी सळ्याही होत्या. माणसे आणि माल एकत्र वाहायची वेळ येते, कारण मजुरांसाठी योग्य वाहन कोणी पुरवत नाही. मग १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस आदळली, दरवाजाच्या बाजूवर उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. २५ जण आत अडकून मरण पावले, आणि वाचलेल्यांतले काही काच फोडून बाहेर पडले. त्याच महिन्यात मलकापूरजवळ दोन खासगी बस एकमेकींवर आदळून आणखी सहा जण गेले.

म्हणून जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वाहन कंपन्यांशी करार करून प्रवाशांच्या गाड्यांचा अभ्यास हाती घ्यावा, असे मला वाटते. इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त वाटतो: अपघात चालकाच्या चुकीने, वेगाने, झोपेने होतात, त्यात डिझाइनचा काय संबंध? उत्तर असे की गाडी आदळण्याचे कारण आणि माणूस मरण्याचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी आदळेल की नाही हे बरेचसे चालक ठरवतो. आदळल्यावर बाहेर कोण पडेल, हे दरवाजा कुठे आहे, छताला झडप आहे का, इंधनाची टाकी कुठे बसवली आहे, बर्थमधल्या वाटेची रुंदी किती आहे, अंधारात काच फोडायची हातोडी सापडते का, यावर ठरते. या सगळ्या गोष्टी कागदावर आधीच आखलेल्या असतात. चालकाला शिक्षा झाली तरी पुढच्या बसचा आराखडा तसाच राहतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: पुष्कळदा अख्खी बस मोटार कंपनी बनवत नाही, ती चॅसी म्हणजे इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा देते, वरची बॉडी दुसरेच कोणी तरी बांधते, मग कंपनीशी करार करून काय साधणार? हे बरोबर आहे आणि म्हणूनच करार तीन बाजूंचा हवा. बस बांधणीसाठी एआयएस-०५२ आणि स्लीपर बससाठी एआयएस-११९ असे देशाचे निकष आहेत. ते किमान काय हवे ते सांगतात, चांगले काय ते सांगत नाहीत. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे बसच्या बॉड्या बांधल्या गेल्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्याऐवजी पोलादी बांधणीकडे वळण्याचा निर्णयही एसटीने प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच घेतला. म्हणजे बांधणीचे ज्ञान महाराष्ट्रात आहे आणि चिकलठाणा बुलढाण्यापासून दूर नाही. चॅसी देणारी कंपनी, बॉडी बांधणारी कार्यशाळा आणि प्रवाशांमध्ये जाऊन अभ्यास करणारे महाविद्यालय असे तिघे एकत्र आले तर त्यातून चांगली बस निघू शकते.

तिसरा आक्षेप असा की हे काम पवईला किंवा पुण्याला व्हावे. जिल्ह्याच्या ठिकाणी ना तज्ज्ञ, ना साधने, आणि शिकलेली मुले शेवटी पुण्याजवळच्या चाकणच्या वाहन कारखान्यांतच जाणार. पण साधने इथेही आहेत. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. चिखली आणि मलकापूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. वेल्डिंगचे यंत्र, लेथ आणि संगणकावर आराखडा काढायची सोय या ठिकाणी असते, आणि बाहाच्या गाड्यांना याहून फार वेगळे काही लागत नाही. पवईकडे नसलेली एक गोष्ट इथे दारातच आहे: वापरणारे लोक आणि त्यांची वाहने. शेगावला दर्शनाला येणारी गर्दी, बाजाराच्या दिवसाची काळी-पिवळी आणि समृद्धीवरची रात्रीची ट्रॅव्हल्स पाहायला विद्यार्थ्याला प्रवासखर्चही लागणार नाही. मुले चाकणला जातील, हे खरे. पण पिंपळखुट्याचा अपघात अभ्यासून गेलेला मुलगा चाकणला बसून जी बस आखेल, ती निराळी असेल.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कंपनीशी करार म्हणजे विद्यार्थ्यांचे फुकटचे डोके, आणि हक्क मात्र कंपनीकडे. असे होऊ शकते, आणि ते टाळायचे तर अटी आधी लिहाव्या लागतील. आराखड्यावर संस्थेचा आणि विद्यार्थ्याचाही हक्क राहावा. प्रवासी सुरक्षेबद्दलचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले असावेत. कंपनीने पैशांबरोबर आपला अभियंताही वर्षातून काही आठवडे शेगावला पाठवावा. महिंद्रांचा ट्रॅक्टर कारखाना नागपुरात आहे, बोलेरो आणि पिकअप गावोगाव विकल्या जातात, तेव्हा विदर्भात येऊन काम करणे हे कंपनीच्या दृष्टीने उपकाराचे नाही, धंद्याचेच आहे.

१९६९ ते २०२३ या काळाचा निवाडा असा. डिझाइन शिक्षणाने महाराष्ट्राच्या वाहन उद्योगाला माणसे दिली, उद्योगाने त्यांना काम दिले, आणि दोघांनी मिळून देशाला चांगल्या मोटारी दिल्या. बस, काळी-पिवळी आणि मजुरांचे वाहन मात्र दोघांनीही दुसऱ्यांवर सोडले. हा अपुरा राहिलेला भाग पुरा करायचा असेल तर अमरावती विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत प्रवासी वाहनाच्या सुरक्षेचा विषय ठेवावा, परिवहन विभागाने जिल्ह्यातल्या अपघातांचे तांत्रिक अहवाल महाविद्यालयांना अभ्यासाला द्यावेत, आणि एखाद्या वाहन कंपनीने पहिला करार शेगावशी करावा. पुढाकार कोणी घ्यायचा, याची वाट पाहण्यात आणखी वर्षे घालवणे या जिल्ह्याला परवडणारे नाही.