भट्टी बदलायची, पण भांडवल कोठून आणायचे?

मुंबईच्या पावाची भट्टी पिढ्यान्‌पिढ्या लाकडावर चालत आली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला, की लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. धुराचा त्रास शेजाऱ्यांइतकाच भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कारागिरालाही होतो; तेव्हा बदल हवा, याविषयी दुमत नसावे. अडचण पैशाची आहे. या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. म्हणून पर्यावरणाच्या कामाला भांडवल कसे मिळते आणि ते कोठे अडते, हे आम्ही येथे मांडत आहोत.

पैसा अडतो कोठे?

भारत सरकारने २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत प्रथमच हरित रोखे विकून १६,००० कोटी रुपये उभे केले. अशा कामांसाठी पैसा नाही, असे नव्हे. पण रोखे काढणे हे मोठ्यांचे काम. बेकरीवाल्याला आठ-दहा लाखच हवे असतात आणि एवढ्या लहान कर्जाची तपासणी करण्यात बँकेला उत्साह नसतो. त्यात जागा पगडीची, म्हणून तारण नाही. विक्री रोखीची, म्हणून वहीत पूर्ण दिसत नाही. शिवाय भंगार लाकूड स्वस्त मिळते. गॅस घेतल्याने इंधनात बचत होईलच, असे नाही. मग बँक विचारते, हप्ता कोठून देणार? प्रश्न रास्त आहे.

व्याजदरापेक्षा मुदत मोठी

उदाहरणादाखल ओव्हन, गॅसजोडणी व बांधकाम मिळून ८ लाख खर्च धरू. तीन वर्षांत फेडायचे तर मुद्दलाचाच हप्ता महिना सुमारे २२,००० होतो. सात वर्षांत फेडायचे तर सुमारे ९,५००. म्हणजे वर्षाला दीड लाखाचा ताण हलका होतो. उलट व्याजात दोन टक्के सूट मिळाली तर पहिल्या वर्षी फार तर १६,००० वाचतात. मुदत लांबली की एकूण व्याज वाढते हे खरे, पण धंदा चालू राहतो. म्हणून बँकेत गेल्यावर प्रथम मुदत वाढवून मागावी.

सरकारी आधार कोणता?

केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग पतहमी निधीतून विनातारण कर्जाला हमी मिळते. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपये झाली. हमीचे शुल्क द्यावे लागते, आणि हमी मिळाली म्हणून कर्ज माफ होत नाही, हे लक्षात ठेवावे. डिसेंबर २०२३ मध्ये हरित तंत्रासाठी व्याजसवलतीची योजनाही आली. आपले काम तीत बसते का, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावे.

व्याज टाळू इच्छिणाऱ्यांचे काय?

भारतात बिनव्याजी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरवले. तरी ओव्हन बनवणाऱ्याशी ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या हप्त्यांनी सौदा करता येतो, किंवा ओव्हन भाड्याने घेता येते. मात्र किंमत, हप्ते आणि दुरुस्तीची जबाबदारी आधीच कागदावर आली पाहिजे.

आधी कागद, मग बँक

१. उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे; दलालाला पैसे देऊ नयेत.
२. रोजची विक्री खात्यातून फिरवावी. वर्षभराचे बँक स्टेटमेंट हा मोठा पुरावा ठरतो.
३. लाकडावरील मासिक खर्च, पिठाचा खप आणि पावाचे उत्पादन लिहून ठेवावे.
४. पाइपलाइन आपल्या गल्लीत मिळेल का, हे गॅस कंपनीकडून लेखी घ्यावे. जोडणी नसेल तर ओव्हन घेऊन उपयोग नाही.
५. दोन-तीन ओव्हनवाल्यांची कोटेशने घ्यावीत.

आमची एक सूचना आहे. एका वस्तीतील पंधरा-वीस बेकऱ्यांनी एकाच नमुन्याचे ओव्हन निवडून एकत्र बोलणी करावी. भावात सवलत मागता येईल, गॅस कंपनीला लाइन टाकणे परवडेल आणि बँकेलाही एकाच अहवालावर अनेक कर्जे तपासता येतील. एकट्याच्या अर्जाला जे उत्तर मिळते, त्यापेक्षा बेकरी संघटनेच्या अर्जाला निश्चित अधिक वजन येईल. लहान उद्योगाच्या दारी हरित भांडवल आणायचे तर सुरुवात येथूनच व्हावी.