सोयाबीनच्या मुळावरची गाठ आणि समुद्रतळाचा बिनतोंडाचा किडा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'सहजीवन' शिकवताना आपण दगडफूल सांगतो नि पुढे सरकतो. आपल्या वर्धा जिल्ह्यात मात्र याचं उत्तम उदाहरण शाळेच्या धुऱ्यापलीकडे उभं असतं. सोयाबीन फुलावर आलं की शेतमालकाला विचारून एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा. ओढून उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात. मुळं बादलीत धुवा आणि एक गाठ मुलांना नखानं फोडू द्या. आतून गुलाबी-लाल निघाली, तर समजा कारखाना सुरू आहे.

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. झाडाला रक्तासारखा रंग कशाला? गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. जिवाणू त्याचा अमोनिया करून देतात. गंमत अशी की, हे काम करणारं विकर ऑक्सिजननं बिघडतं आणि जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर हवाच! म्हणून लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं, जिवाणूंना थोडा थोडा देतं. मोबदल्यात झाड उन्हात बनवलेली साखर पुरवतं.

आता मुलांना समुद्रात न्या. १९७७ मध्ये 'अल्विन' पाणबुडीतून शास्त्रज्ञ गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोल उतरले. तिथं तळातून गरम पाण्याचे झरे निघत होते आणि भोवती नळ्यांत राहणारे, लाल तुऱ्याचे लांबच लांब किडे. या रिफ्टियाची वाढ माणसाच्या उंचीपलीकडे जाते. पण मोठ्या झालेल्या किड्याला तोंड नाही, आतडं नाही. मग खातो काय? किड्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचं व्याख्यानात ऐकून हार्वर्डच्या कॉलीन कॅव्हनॉ या विद्यार्थिनीनं ताडलं, की आत जिवाणू असणार. १९८१ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा घेऊन ते जिवाणू अन्न तयार करतात. तुऱ्यातलं लाल हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचवतं.

इथं चौकस पोरगं विचारेलच, "म्हणजे सूर्य नसला तरी चालते का जी?" पूर्ण नाही. तो विरघळलेला ऑक्सिजन वरच्या हिरव्या सृष्टीनंच तयार केलेला असतो.

आणखी एक साम्य मला फार आवडतं. किड्याच्या पिल्लाला आईकडून जिवाणू मिळत नाहीत, पाण्यातूनच येतात. सोयाबीनच्या मुळातही ते मातीतून शिरतात. जमिनीत योग्य जिवाणू नसले, तर गाठी धरत नाहीत. म्हणून बियाण्याला जिवाणू संवर्धक लावतात. आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम. बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

पालकांसाठी हा खिशाचा प्रश्न आहे. उभ्या सोयाबीनवर युरिया फेकत राहिलं, तर झाडाला आयता नायट्रोजन मिळतो आणि ते गाठी कमी करतं. म्हणजे फुकटच्या कामगाराला घरी बसवून विकतचा माणूस लावायचा.

मात्र मुळावरची प्रत्येक गाठ मित्राची नसते, हेही मुलांना दाखवा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटानं सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं; ती सुटत नाही, मूळच तुटतं.